इंग्रजी येईपर्यंत थांबू नका

इंग्रजीच्या तासाला मुलांनी चार-पाच जणांचे गट करावेत, प्रत्येक गटानं आपलं एक पुस्तक निवडावं, ठरलेली पानं घरी वाचून यावं, वर्गात त्यावर आपापसात बोलावं आणि शिक्षकानं मध्ये पडू नये, असं कुणी सुचवलं की आपल्या शाळांतून एक उत्तर हमखास येतं : "आधी मुलांना इंग्रजी येऊ दे, मग बघू." हे उत्तर देणारी माणसं कामचुकार नसतात. सुट्टीत जादा तास घेणारी, नापासांच्या घरी जाऊन आईबापांशी बोलणारी, गावोगावच्या मुलांना दहावीचा उंबरा ओलांडून देणारी माणसं असतात ती. म्हणून त्यांचं म्हणणं ऐकून सोडून देता येत नाही. मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते, आणि मला हे म्हणणं मुळापासून चुकीचं वाटतं.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. नववीत आलेलं मूल आठ वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं. आठ वर्षांनंतरही "आधी येऊ दे" असंच म्हणायचं असेल तर ती येण्याची वाट आपण कुठवर बघणार आहोत? दहावीनंतर ही मुलं आपल्या हाताखालून निघून जातात. त्यांतल्या कित्येकांनी अख्ख्या शाळेत एकही इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नसतं. पाठ्यपुस्तकातले उतारे वाचलेले असतात. गोष्ट कुठे जाते, कशी वळते, शेवटी काय राहतं, हे इंग्रजीत कधी अनुभवलेलं नसतं.

नेहमीचा तास डोळ्यांपुढे आणा. बाई धडा वाचतात, वाक्यागणिक मराठीत अर्थ सांगतात, फळ्यावर शब्दार्थ लिहितात. मग प्रश्न येतो : गोष्टीतला मुलगा कुठे राहत होता? याचं उत्तर बाईंना ठाऊक असतं, पहिल्या बाकावरच्या दोघींना ठाऊक असतं, शिवाय गाईडात छापलेलं असतं. पहिल्या बाकावरून ते येतं, बाई शाबासकी देतात, बाकीचे पन्नास जण उतरवून घेतात. या सगळ्या देवघेवीत काही सांगायचं आहे असा माणूस वर्गात एकही नसतो. आणि आपण निष्कर्ष काढतो की मुलं बोलत नाहीत, कारण त्यांना इंग्रजी येत नाही.

हा निष्कर्ष टिकत नाही. अमेरिकेत मार्टिन निस्ट्रँड यांनी आठवी-नववीचे इंग्रजीचे शेकडो तास प्रत्यक्ष पाहून नोंदवले आणि १९९७ साली 'ओपनिंग डायलॉग' या पुस्तकात त्याचा हिशेब मांडला. एकाच्या बोलण्याला धरून दुसरा बोलतो अशी मोकळी चर्चा आठवीत तासाला सरासरी पन्नास सेकंद होत होती. नववीत ती पंधरा सेकंदांवरही पोचत नव्हती. ज्या देशाची शाळाच इंग्रजीतून चालते तिथली ही मुलं होती. त्यांना भाषेचा अडसर नव्हता आणि तरी ती गप्प होती. तासाची घडणच अशी की बोलायला जागा नाही. आपल्याकडे तीच घडण आहे, आणि खापर मात्र आपण मुलांच्या इंग्रजीवर फोडतो.

घरी इंग्रजी नसलेल्या मुलांचा दाखला हवा असेल तर तोही आहे. १९८० च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी फिजी बेटांवरच्या खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी अडीचशे गोष्टींची इंग्रजी पुस्तकं दिली. काही वर्गांत मुलं नुसती मनाशी वाचत, काहींत शिक्षकांबरोबर एकच पुस्तक मिळून वाचत आणि त्यावर बोलत. नेहमीच्या पाठ्यपुस्तकी पद्धतीनं शिकणाऱ्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट वेगानं या मुलांचं वाचन सुधारलं, आणि दुसऱ्या वर्षी तो फायदा भाषेच्या इतर अंगांतही दिसला. मुलांनी चालवलेले गट या प्रयोगात नव्हते, त्यामुळे माझ्या म्हणण्याचा सगळा भार मी त्याच्यावर टाकत नाही. पण "आधी भाषा, मग पुस्तक" हा क्रम त्यानं उलटा करून दाखवला, हे निर्विवाद आहे. पुस्तकातून भाषा आली.

आता गटात नेमकं काय घडतं ते जवळून बघू. नववीचा एक गट रस्किन बाँड यांचं 'द ब्लू अंब्रेला' वाचत होता. छोटंसं पुस्तक, इंग्रजी सोपं. डोंगरातल्या गावातली बिन्या गळ्यातलं बिबट्याच्या नखाचं लॉकेट देऊन सहलीला आलेल्या लोकांकडून निळी छत्री घेते. दुकानदार रामभरोसाचा त्या छत्रीवर डोळा. त्याच्या दुकानात कामाला असलेला राजाराम ती पळवायला जातो आणि पकडला जातो. मग गाव रामभरोसाच्या दुकानाकडे पाठ फिरवतं. त्या दिवशी एका मुलीनं वहीतला आपला प्रश्न मध्ये ठेवला : चोर कोण? एक जण लगेच म्हणाला, राजाराम, पकडला तोच गेला ना. दुसरा म्हणाला, "राजाराम इज ओन्ली हँड." पुढचं इंग्रजी त्याला सापडेना, तेव्हा मराठीत म्हणाला, डोकं शेटजींचं होतं. तिसरीनं त्याला अडवलं : रामभरोसा 'जा, चोरून आण' असं कुठे म्हणालाय ते दाखव. पाचही डोकी पुस्तकात गेली. दुकानात त्या दोघांचं बोलणं होतं ते पान त्यांनी पुन्हा वाचलं, मग आणखी एकदा, एकेका वाक्यावर बोट ठेवून. कोण आधी बोललं, कशाच्या उत्तरात काय म्हटलं, पैशांची गोष्ट कुणी काढली, असं करत करत त्यांनी ते अर्धं पान जितकं बारकाईनं वाचलं तितकं मी समजावून सांगितलेलं एकही पान माझ्या वर्गानं वाचलेलं नाही. स्वाध्याय म्हणून मी तेच पान तीनदा वाचायला सांगितलं असतं तर कुणी वाचलं नसतं. इथे वाचलं, कारण वाद जिंकायचा होता.

पुढच्या बैठकीत प्रश्न आला की बिन्यानं शेवटी छत्री देऊन का टाकली. दयाळू होती म्हणून, असं तिघांचं एकमत झालं. गटात एक मुलगी होती, मोठ्या वर्गात कधी तोंड न उघडणारी. ती म्हणाली, "शी वॉज अलोन विथ अंब्रेला." बाकीचे गप्प झाले, मग तिला विचारू लागले, म्हणजे काय? तिनं मराठीत सांगितलं : छत्री आल्यापासून सगळे तिच्याकडे बघायचे, पण तिच्याशी पहिल्यासारखं बोलत नव्हते. तिचं इंग्रजी वाक्य व्याकरणात अपुरं आहे. पण ते कुठल्या गाईडात नाही, मी सांगितलेलं नाही, आणि ते तिनं स्वतः वाचून स्वतः काढलेलं आहे. इंग्रजी पुस्तकाबद्दल ते तिचं पहिलं स्वतःचं वाक्य असावं. त्या वाक्यात एक आर्टिकल राहिलं म्हणून ते बोलायच्या लायकीचं नव्हतं, असं मला कुणी सांगू नये.

यावर दुसरा आक्षेप तयारच असतो : "बघा, मराठीतच बोलली ना शेवटी." हो, बोलली. बोलू द्यावं असंच माझं म्हणणं आहे. माझ्या वर्गात नियम एवढाच आहे की पुस्तक इंग्रजी, पुरावा इंग्रजी, वाद कुठल्याही भाषेत. म्हणजे "हे कुठे लिहिलंय" असं कुणी विचारलं तर त्या वाक्यावर बोट ठेवून ते इंग्रजीत मोठ्यानं वाचायचं. आणि बैठक संपताना प्रत्येकानं आपलं मत इंग्रजीत दोन-तीन ओळींत वहीत लिहायचं. मराठीत स्वच्छ झालेला विचार इंग्रजीत लिहायला घेतला की शब्द शोधावे लागतात, आणि त्या शोधातच शब्द पक्के होतात. विचारच नसेल तर शोधायचं काय? २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं मुलांची बहुभाषिकता ही वर्गाची संपत्ती मानली आहे. ते वाक्य आपण प्रशिक्षणात ऐकतो, वर्गात येतो आणि फळ्याच्या कोपऱ्यात 'फक्त इंग्रजीतच बोला' असं लिहितो.

हे परदेशी खूळ आहे, असंही ऐकू येतं. अशा गटांना अमेरिकेत 'लिटरेचर सर्कल' हे नाव रूढ झालं हे खरं. पण मुलांनी मुलांत बसून वाचलेल्यावर वाद घालावा, ही गोष्ट मुंबईला नवी नाही. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या पाठबळानं १८४८ साली 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. इंग्रजीतून शिकणारे हे तरुण तिथे निबंध वाचत आणि त्यावर चर्चा करत. पण ती चर्चा इंग्रजीपुरती कोंडून ठेवावी असं त्यांना वाटलं नाही. संस्थेच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या, मराठीची उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा ही त्यांतलीच. दादाभाई नवरोजी त्या तरुणांमध्ये होते. दुसऱ्याच वर्षी या मंडळींनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि सुरुवातीला त्या स्वतः शिकवल्या. इंग्रजी शिकलेल्या आपल्या पहिल्या पिढ्यांपैकी ही एक पिढी. एका भाषेत वाचावं आणि दोन भाषांत बोलावं, ही रीत तिनं आपल्याला घालून दिलेली आहे. साहेबाच्या शाळेतल्या त्या पोरांना जे दिलं गेलं ते आजच्या जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांना परवडणार नाही, असं आपण कशाच्या आधारावर ठरवतो?

इथवरचे आक्षेप शिक्षकांच्या खोलीतले होते. पण एक आक्षेप खरोखर वजनदार आहे आणि तो भारतातल्याच एका मोठ्या माणसाचा आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्यासुध्या शाळांत इंग्रजी शिकवण्याचा जो प्रयोग केला तो बंगळूर प्रकल्प म्हणून जगभर ओळखला जातो. १९८७ सालच्या 'सेकंड लँग्वेज पेडॉगॉजी' या पुस्तकात त्यांनी त्याची मांडणी केली. व्याकरण आधी शिकवू नका. मुलांपुढे खरं कोडं ठेवा, अर्थात गुंतलेलं मन भाषा आपसूक उचलतं, हे त्यांचं सूत्र. मी त्यांची ऋणी आहे. पण प्रभूंनी गटकाम मुद्दाम टाळलं. त्यांचं म्हणणं असं की अर्धीकच्ची इंग्रजी असलेली मुलं एकमेकांशीच बोलत राहिली तर एकमेकांच्या चुका पक्क्या करतील. शिक्षकाची भाषा मुलांच्या भाषेपेक्षा वरच्या पायरीवरची असते, म्हणून मुलांना ती ऐकू आली पाहिजे. आणि दुसरं असं की शिक्षकापुढे चुकल्याचं मुलाला जितकं लागत नाही तितकं सोबत्यांपुढे चुकल्याचं लागू शकतं.

पहिल्या मुद्द्याला माझं उत्तर प्रभूंच्याच प्रयोगात आहे. त्यांची कामं होती नकाशांची, वेळापत्रकांची, अंतरांच्या हिशेबांची. तिथे इंग्रजीचा झरा शिक्षकाच्या तोंडूनच वाहत होता, कारण समोर सलग वाचायला दुसरं काही नव्हतं. तिथे मुलांना आपसात सोडून देणं म्हणजे तो झरा बंद करणं, ही त्यांची भीती रास्त होती. पुस्तकाच्या गटात सगळ्यांत जास्त इंग्रजी बोलतं ते पुस्तक. मुलं चाळीस पानं वाचून आलेली असतात आणि वाद अडला की परत त्याच पानांकडे जातात. 'राजाराम इज ओन्ली हँड' म्हणणाऱ्या मुलानं पुढच्या पाच मिनिटांत बाँड यांची वाक्यं मोठ्यानं वाचली, आणि तीही आपल्या गरजेपोटी. एखाद्या शिक्षकाचं इंग्रजी कितीही चांगलं असो, ज्यांनी जन्मभर तेच काम केलं त्या लेखकाच्या इंग्रजीपेक्षा ते वरचं नसतं. आणि आम्हा कित्येक शिक्षकांचं तर तेवढंही चांगलं नसतं. हे जाहीरपणे बोलायची आपल्याकडे पद्धत नाही, पण पुस्तक वर्गात आणण्याचं तेच सर्वांत मोठं कारण आहे.

दुसरा मुद्दा मला अधिक सतावतो, कारण तो खरा ठरलेला मी पाहिला आहे. गटात एखादा हुशार मुलगा असतो, तो दुसऱ्याच्या उच्चारावर हसतो, आणि हसलं गेलेलं मूल पुढे तोंड उघडत नाही. यावर दोन गोष्टी कामाला येतात. एक, कुणीही रिकाम्या हातानं गटात बसायचं नाही. आपला प्रश्न किंवा आपलं वाक्य वहीत लिहूनच यायचं, म्हणजे बोलायची वेळ आली की निदान वाचून दाखवता येतं. दोन, गट पुस्तक संपेपर्यंत तोच ठेवायचा. पहिल्या बैठकीत अवघडलेली मुलं तिसऱ्या-चौथ्या बैठकीला मोकळी होतात. त्यात गट दर आठवड्याला मोडले तर ती कायम पहिल्याच बैठकीत राहतात. एवढं करूनही कुणी हसलंच तर शिक्षकानं तिथे मध्ये पडायचं, आणि तिथे पडलंच पाहिजे. गट मुलांनी चालवायचा याचा अर्थ वर्ग वाऱ्यावर सोडायचा असा मी कधीच घेतलेला नाही.

शिक्षकाला काम उरत नाही, ही तक्रार करणाऱ्यानं असा तास एकदा घेऊन पाहावा. वर्गातल्या प्रत्येकाला झेपेल आणि तरी पोरकट वाटणार नाही असं पुस्तक शोधायचं. ते स्वतः आधी वाचायचं. प्रत्येक पुस्तकाबद्दल दोन मिनिटं असं बोलायचं की मुलांना निवडताना भूल पडावी. कोण कुणाबरोबर बसल्यावर बोलेल याचा अंदाज घ्यायचा. बैठक चालू असताना वही घेऊन एका गटाच्या मागे बसायचं, काय ऐकलं ते टिपायचं आणि तोंड बंद ठेवायचं. मला यातलं शेवटचं सर्वांत जड जातं. मुलं चुकीच्या दिशेनं चालली आहेत, उत्तर आपल्या जिभेवर आहे आणि आपण ते द्यायचं नाही! पण त्या टिपणांतूनच पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं तयार होतात. तीन गटांत 'ही टोल्ड मी दॅट' नंतर गाडी अडली असेल, तर त्या दिवशी अप्रत्यक्ष कथन शिकवायचं, आणि उदाहरणं त्यांच्याच पुस्तकातली घ्यायची. व्याकरण शिकवायला यापेक्षा चांगला मुहूर्त मला सापडलेला नाही.

या पद्धतीच्या चाहत्यांशीही माझं भांडण आहे. तिला शिकागोच्या हार्वी डॅनियल्स यांनी १९९४ सालच्या 'लिटरेचर सर्कल्स' या पुस्तकातून नाव आणि प्रसार मिळवून दिला. त्यात मुलांना वाटून द्यायच्या भूमिका होत्या : एकानं प्रश्न काढायचे, एकानं आवडलेले उतारे निवडायचे, एकानं अवघड शब्द शोधायचे, एकानं चित्र काढायचं, एकानं गोष्टीचा आपल्या आयुष्याशी संबंध लावायचा. प्रत्येक भूमिकेचा छापील तक्ता. कल्पना अशी की नवख्या गटाला हाताला धरायला काही असावं. झालं उलटंच. शाळाशाळांतून तक्तेच उरले. मुलं आपापला तक्ता भरायची, पाळीनं वाचून दाखवायची आणि गप्प बसायची. खुद्द डॅनियल्स यांनी २००२ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत या तक्त्यांबद्दल सावध केलं. हा तात्पुरता आधार आहे, लवकर सोडून द्या, असं बजावलं. आपल्याकडे ही पद्धत प्रशिक्षणांतून आली तर आधी तक्तेच येतील आणि तक्ते भरले की उपक्रम पूर्ण झाल्याची नोंद होईल, अशी मला धास्ती वाटते. कारण तक्ता तपासता येतो, फाईलला लावता येतो, त्याचा फोटो काढता येतो. पाच मुलांचा वाद फाईलला लावता येत नाही. ज्यांना हे गट हवे आहेत त्यांनी तक्त्यांना दारातच अडवलं पाहिजे. साधी वही आणि त्यात मुलाचा स्वतःचा एक प्रश्न, यापलीकडे कागद लागत नाही.

डॅनियल्स यांनी ज्यांचं ऋण मानलं त्या केरन स्मिथ यांच्या वर्गात तर कुठलाच तक्ता नव्हता. १९८२ च्या सुमारास अॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात त्यांच्या पाचवीच्या वर्गाला कादंबऱ्यांच्या थोड्याथोड्या प्रती असलेली एक पेटी मिळाली. मुलांनी ती पुस्तकं मागून घेतली, आपणच गट केले आणि आपणच बोलायला लागली. बाईंनी ते मोडलं नाही, एवढंच केलं. पद्धतीचा जन्म मुलांच्या हातून झालेला आहे. ती मोठ्यांच्या नमुन्यात कोंबली की मरते.

गोंगाटाबद्दल थोडक्यात. पस्तीस मिनिटांच्या तासात साठ मुलांना एकामागून एक बोलू दिलं, शिक्षक एक अक्षरही बोलला नाही, तरी प्रत्येकाच्या वाट्याला पस्तीस सेकंद येतात. पाच जणांच्या गटात वीस मिनिटांत प्रत्येकाला चार मिनिटं मिळतात. बारा गट एका वेळी बोलले तर आवाज होणारच. म्हणून निम्मे गट बोलतात तेव्हा निम्मे वाचतात, आणि हवा बरी असेल तर दोन-तीन गट व्हरांड्यात बसतात. शेजारच्या वर्गाला त्रास होतो हे खरं आहे आणि त्याची व्यवस्था लावावी लागते. पण शांत वर्ग म्हणजे शिकणारा वर्ग, हे समीकरण मला मान्य नाही.

राहिली परीक्षा. दहावीच्या इंग्रजीला ऐंशी गुण लेखी आणि वीस गुण तोंडी व अंतर्गत. २०१९ च्या परीक्षेला भाषांचे हे वीस गुण काढून टाकले होते. त्याच वर्षी नवा अभ्यासक्रमही आला होता. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला, ओरड झाली आणि पुढच्या परीक्षेपासून वीस गुण परत आले. त्या गदारोळात एक प्रश्न कुणी फारसा विचारला नाही : हे वीस गुण आपण कशासाठी देतो? ऐकणं आणि बोलणं यासाठी. प्रत्यक्षात फेब्रुवारीत दोन दिवसांत रांग लावून मुलांना पाठ केलेली दहा वाक्यं म्हणायला लावतो आणि गुण उदार हातानं टाकतो. वर्षभर ज्यांनी गटात बसून दोन-तीन पुस्तकांवर वाद घातला त्यांच्या बोलण्याची टिपणं माझ्या वहीत तारखेनिशी असतात. तोंडी परीक्षेचा त्याहून प्रामाणिक आधार मला कुणी दाखवावा. आणि लेखी पेपरातला न पाहिलेला उतारा? ज्यानं आयुष्यात फक्त समजावून सांगितलेले धडे वाचले, त्याला तो उतारा परका वाटणारच. पुस्तकच्या पुस्तक कुणी समजावून न देता वाचलेल्या मुलाला अनोळखी पानाची भीती वाटत नाही. परीक्षेसाठी वेळ नाही म्हणून गट नकोत, हे म्हणणं खुद्द परीक्षेच्या दृष्टीनंही तोट्याचं आहे.

शेवटी सगळ्यांचं घोडं अडतं ते पुस्तकांपाशी. शाळेकडे पैसे नाहीत हे मी नाकारत नाही. पण आहे ते आपण वापरतो का? ग्रंथालयाचं कपाट कुलपात आणि किल्ली दुसऱ्याच कुणाच्या खणात, अशा शाळा मी पाहिल्या आहेत. प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी मुक्त परवान्याच्या आहेत. त्या उतरवून घेता येतात, छापता येतात, परवानगी मागावी लागत नाही, आणि वाचनाच्या पायऱ्यांप्रमाणे लावलेल्या असल्यानं पाचवी-सहावीच्या गटांना तिथूनच सुरुवात करता येते. कित्येक गोष्टींची मराठी आवृत्तीही तिथेच मिळते. मोठ्या मुलांसाठी नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं खिशाला परवडणारी आहेत. तेत्सुको कुरोयानागी यांच्या 'तोत्तोचान'चं चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेलं मराठी भाषांतर ट्रस्टनंच काढलेलं आहे, आणि इंग्रजी भाषांतरही उपलब्ध आहे. ज्यांचं इंग्रजी फारच कच्चं आहे अशांच्या गटाला मी हे पुस्तक देते : घरी आधी मराठीत प्रकरण वाचा, मग तेच इंग्रजीत वाचून या. गोष्ट ठाऊक असलेलं मूल इंग्रजी वाक्याला घाबरत नाही. तोमोई शाळेतले रेल्वेचे डबे, मुलाचं बोलणं तासन् तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक, हे वाचून आलेल्या मुलांना बोलायला प्रश्न पुरवावे लागत नाहीत. "आपल्या शाळेत असं का नाही" हा प्रश्न ती आपणहून आणतात, आणि त्यावर इंग्रजीत चार ओळी लिहायलाही तयार होतात.

मुख्याध्यापकांकडे आणि संस्थाचालकांकडे माझी मागणी यादी करण्याइतकीही मोठी नाही. साठ मुलांच्या एका वर्गासाठी सहा पुस्तकं, प्रत्येकी दहा प्रती, आणि त्या प्रती मुलांना घरी नेऊ द्यायची मोकळीक. वेळापत्रकात आठवड्याला इंग्रजीचा एक जोडतास. त्या तासाला विस्तार अधिकारी किंवा केंद्रप्रमुख वर्गावर आले तर गट मोडून मुलांना धडा वाचायला उभं करावं लागणार नाही, एवढी हमी. एवढं मिळालं तर नववीचे गट येत्या जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात बसवता येतील.